पाऊस, कातडे आणि पायतण : मावळातील चर्मवस्तूंच्या टिकाऊपणाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील चर्मोद्योगाविषयीचे लेखन बहुधा दोन दिशांनी झाले आहे. एका बाजूस कोल्हापुरी वहाणेच्या कलाकुसरीचे कौतुक आहे, तर दुसऱ्या बाजूस बलुतेदारी आणि अस्पृश्यता यांची चिकित्सा. या दोहोंच्या मध्ये एक साधा प्रश्न राहून जातो. ज्या प्रदेशात वर्षाचे चार महिने जमीन कोरडी होत नाही, तेथे कातड्याची वस्तू टिकत कशी असे? आणि ती टिकवण्याचे कष्ट नेमके कोणाच्या वाट्याला येत? प्रस्तुत लेखात हा प्रश्न पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या संदर्भात तपासला आहे.

मावळाची निवड करण्यास भौगोलिक कारण आहे. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस साठ-पासष्ट किलोमीटरांवरील पुणे शहरात तो सातशेच्या घरात येतो. पवनेच्या खोऱ्यातील, सोमाटणे फाट्याजवळचे शिरगाव या उतरंडीच्या मधल्या टप्प्यावर आहे. पश्चिमेकडे भाताची खाचरे आणि घाटमाथ्यावरील जंगल, पूर्वेकडे ज्वारी-बाजरीचा देश, अशी ही सीमारेषा आहे. कातड्याच्या दृष्टीने येथील वर्षाचे दोन भाग पडतात. उन्हाळ्यात ते तडकते आणि पावसाळ्यात बुरसते. एकाच पायतणाने ही दोन्ही संकटे सोसावीत अशी अपेक्षा असल्यामुळे ते टिकवण्याचे ज्ञान येथे चैनीचे नव्हते.

भाताच्या चिखलणीत कोणी वहाणा घालत नाही. लावणीच्या दिवसांत मावळातील शेतकरी आणि शेतमजूर अनवाणीच असत. डोक्यावर इरले आणि पाय चिखलात. पायतणाची खरी गरज सुगीनंतर सुरू होई. कापणीनंतर खाचरात उभे राहिलेले धसकट, डोंगरातील वाटेवरचे काटे आणि कार्तिकापासून तापत जाणारा मुरूम ही त्याची कारणे होत. म्हणून पायतण टिकवणे म्हणजे प्रथम त्याला पावसाळ्यातून सुखरूप बाहेर काढणे होते, आणि हे काम ते वापरण्याइतकेच कठीण होते.

टिकाऊपणाची सुरुवात गोठ्यात

कातड्याचा कस कारागिराच्या हातात येण्यापूर्वीच बराचसा ठरून गेलेला असतो. पराणीचे ओरखडे, जुवाचे आवाळू, चाबकाचे वण आणि कातडीखाली वाढणाऱ्या गोमाशीच्या अळ्यांची भोके कमावल्यानंतरही राहतात, आणि पायतण नेमके तेथेच फाटते. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे जनावर मेल्यापासून कातडे सोलेपर्यंत गेलेला वेळ. दमट हवेत काही तासांतच कुजण्याची क्रिया सुरू होते, केस सुटू लागतात आणि वरचा दाणेदार पापुद्रा सैल पडतो. मग ते कातडे कितीही उत्तम कमावले तरी त्याचा तळवा फार दिवस टिकत नाही.

हे मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादले होते. कातडे कमावण्याचे काम ढोरांचे, आणि त्याच्या वस्तू शिवण्याचे चांभारांचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात या बलुते-व्यवस्थेचे जे तपशीलवार वर्णन आले आहे, त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चर्मवस्तू हे गावच्या शेतीचे एक अवजारच होते. नाडा, चाबूक, वादी, पखाल आणि विशेषतः मोट यांच्यावाचून बागायत चालत नसे. पायतण हा त्या मोठ्या व्यवहाराचा केवळ एक भाग होता. चांभाराला धान्याच्या रूपाने जे बलुते मिळे ते मुख्यतः वर्षभराच्या दुरुस्तीच्या मोबदल्यात असे. दुरुस्ती हे वार्षिक कर्तव्य असल्यामुळे पायतण वारंवार सांधता येईल अशा रीतीने बांधण्यात दोन्ही बाजूंचे हित होते.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. ज्यांच्या श्रमावर गावाचे पायतण उभे होते, त्यांना स्वतःला ते घालून गावातून चालण्याची मुभा अनेक ठिकाणी नव्हती. वरिष्ठ जातींच्या वस्तीतून जाताना वहाणा काढून हातात घेण्याची सक्ती हा महाराष्ट्रातील दलित आत्मकथनांत व चळवळीच्या साहित्यात पुन्हा पुन्हा येणारा विषय आहे. टिकाऊ पायतणाचा इतिहास लिहिताना ते कोणाच्या पायात टिकले हेही विचारावे लागते.

हिरडा, बाभूळ आणि लोखंड

कातडे कमावणे म्हणजे मुळात कुजणारा पदार्थ न कुजणारा करणे. चुन्याच्या निवळीत भिजवून कातड्यावरील केस काढले जात, ते धुऊन चुना घालवला जाई आणि मग तुरट पाण्यात ते अनेक दिवस ठेवले जाई. दख्खनमध्ये प्रचलित असलेली एक पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. कातडे पिशवीसारखे शिवून टांगत, आत साल व फळे यांचा काढा भरत आणि खाली झिरपलेले पाणी पुन्हा आत ओतत. या काढ्यातील टॅनिन कातड्यातील तंतूंना घट्ट धरून बसते आणि जिवाणूंना ते तंतू खाता येईनासे होतात.

काढ्यासाठी देशावर बाभळीची साल आणि तरवड सहज मिळे. हिरडा मात्र सह्याद्रीचा. मावळ, आंबेगाव व जुन्नरच्या डोंगराळ पट्ट्यात हिरडा गोळा करणे हा महादेव कोळी व ठाकर समाजांचा जुना हंगामी रोजगार आहे. हिरड्याच्या फळात वजनाच्या सुमारे तीस टक्के टॅनिन असते. एकोणिसाव्या शतकात हे फळ मुंबई बंदरातून मोठ्या प्रमाणावर ब्रिटनमधील चर्मालयांकडे जाऊ लागले. तेथील बाजारात त्याच्या प्रती भारतीय गावांच्या नावांनी ओळखल्या जात, आणि त्यांपैकी एक प्रत चक्क वेंगुर्ल्याच्या नावाची होती. म्हणजे इंग्लंडात बनलेल्या जाड तळव्याच्या बुटातही सह्याद्रीचा अंश असू शकत होता.

बाभूळ आणि हिरडा यांचे मिश्रण केवळ उपलब्धतेमुळे रूढ झाले असे मानणे त्या कारागिरांवर अन्याय करणारे ठरेल. बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे टणक व दमदार, पण काळपट आणि काहीसे ताठ होते. हिरड्याने ते फिकट व मऊ होतेच. शिवाय हिरड्यातून एक बारीक पिवळसर साका तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत बसतो. रसायनशास्त्रात त्याला एलॅजिक आम्ल म्हणतात. ते पाण्यात सहसा विरघळत नाही, त्यामुळे तळव्याची झीज कमी होते आणि पाणी आत शिरण्यास अटकाव होतो. ढोर कारागिरास हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परिणाम मात्र त्याच्या बोटांना कळत होता.

याच रसायनात देशी वहाणेच्या रचनेतील एका वैशिष्ट्याचे स्पष्टीकरण दडलेले आहे. कोल्हापुरी व तत्सम वहाणा परंपरेने कातड्याच्या वादीने शिवल्या जातात. त्यांच्या तळव्यास लोखंडी खिळा नसतो. जुन्या काळी लिहिण्याची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांपासून करीत. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकसातील लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या तळव्यात लोखंडी खिळा ठोकून तो पावसात भिजवला की खिळ्याभोवती तीच शाई तयार होऊ लागते. गंजासोबत कातडे तेथे काळे पडते, ठिसूळ होते, भोक मोठे होते आणि खिळा निसटतो. याउलट वादी भिजली की फुगते आणि भोक अधिकच घट्ट बुजवते. वरचा तळवा, खालचा तळवा आणि टाच हे थर वादीने एकमेकांस बांधलेले असल्यामुळे झिजलेला थर उसवून नवा लावता येई. रापी, आरी आणि पाण्याची कुंडी एवढ्या साधनांत ही दुरुस्ती होत असे.

लष्करी बुटाचा मार्ग याच्या उलट होता. त्याच्या तळाला लोखंडी खिळ्यांच्या ओळी आणि टाचेला नाल असे. खडकाळ रस्त्यावर लांब कूच करताना चामडे झिजू नये हा त्यामागील हेतू, आणि कोरड्या हवेत तो सफलही होई. ओल्या हवेत मात्र त्याला सतत चरबी व तेलाच्या मलमाचे संरक्षण द्यावे लागे. घाटातल्या बैलांच्या खुरांना पत्र्या मारण्याची रीत याच तर्काची होती. फरक इतकाच की बैलाचा खूर झिजला तरी पुन्हा वाढतो.

तेल, सावली आणि चूल

कमावलेल्या चामड्याचे पावसाळ्यातील शत्रू तीन. पहिला शत्रू पाणी; ते तंतूंशी न जुळलेले टॅनिन आणि तंतूंमधील स्निग्धांश धुऊन नेते. दुसरा शत्रू बुरशी. आणि तिसरा, जो प्रत्यक्षात सर्वांत जास्त नुकसान करतो, तो म्हणजे वाळवण्याची घाई.

वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले ओले चामडे साधारण सत्तर ते ऐंशी अंश सेल्सिअसच्या दरम्यान आक्रसते आणि त्याचे तंतू कायमचे विस्कटतात. कोरडे चामडे त्याहून बरीच अधिक उष्णता सोसू शकते. भिजलेली वहाण चुलीच्या तोंडाशी किंवा कडक उन्हात ठेवली की ती वळते, कडक होते आणि दोनचार दिवसांत वाकणीवर तडकते. असे चामडे नंतर कितीही तेल पाजले तरी पूर्ववत होत नाही. त्यामुळे सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी संथपणे वाळवणे हा पहिला नियम ठरतो. चामडे निमदमट असतानाच त्याला तेल देणे हा दुसरा. कारण पाणी निघून जाताना मागे राहणारी जागा तेल भरून काढते आणि सुकताना तंतू एकमेकांस चिकटत नाहीत. अगदी कोरड्या चामड्यावर ओतलेले तेल वरच्या थरात डाग पाडून थांबते.

तेलांत एरंडेलाचा मान मोठा होता. ते दाट असते, लवकर सुकत नाही आणि त्यावर पुढे पॉलिशही चढते. करंजाचे तेल कडू असल्यामुळे कीड दूर ठेवते. अति तेलाचा दोष मात्र कारागीर जाणून होते. तळवा फार मऊ झाला की तो पसरतो आणि शिवण सैल होते. त्यामुळे पट्ट्यांना तेल अधिक आणि तळव्यास बेताने, हा विवेक आवश्यक असे. घरातील धुराचाही उपयोग होता. लाकडाच्या धुरातील घटक बुरशीला रोखतात, म्हणून चुलीपासून दूर पण धुराच्या वाटेत टांगलेले चामडे आषाढ-श्रावणातून तुलनेने चांगले बाहेर पडते.

या सर्व देखभालीची खरी कसोटी पायतणापेक्षा मोटेत लागत असे. मोट रोज पाण्यात बुडे, दोरावर ताणली जाई आणि दुपारी उन्हात पडे. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रास इलाख्यात क्रोम पद्धतीने कातडे कमावण्याचे प्रयोग केले (1903 च्या सुमारास), तेव्हा या नव्या चामड्याचा एक प्रमुख उपयोग विहिरीवरच्या मोटांसाठीच सुचवला गेला, ही बाब बोलकी आहे. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे पाण्यात आपले रक्षक द्रव्य सोडत नाही आणि ओल्या अवस्थेत शंभर अंशांच्या आसपासची उष्णताही सहन करते. त्याच वर्षी जे. आर. मार्टिन यांचा मुंबई इलाख्यातील चर्मकामावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. सरकारला देशी चर्मोद्योगात रस निर्माण झाला होता, आणि त्यामागे लष्कराच्या व निर्यातीच्या गरजा होत्या, हे विसरता येत नाही.

घाट, लोहमार्ग आणि नवे बूट

बोरघाटातील गाडीरस्ता 10 नोव्हेंबर 1830 रोजी सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्यापूर्वी घाटातील वाहतूक मुख्यतः लमाणी बैलांच्या पाठीवर होती; गोण्यांचे पट्टे, पखाली व दोर यांचा खप त्यावर अवलंबून होता. 1856 मध्ये घाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि 1863 मध्ये पूर्ण झाले. सुमारे साडेपंधरा मैलांच्या या चढणीवर पंचवीस बोगदे खोदावे लागले. 1861 मध्ये कामावरील मजुरांची संख्या बेचाळीस हजारांवर गेली होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुढे नेले, ही कथा वारंवार सांगितली जाते. साथीच्या रोगांत आणि अपघातांत गेलेल्या मजुरांच्या कथा मात्र क्वचितच सांगितल्या जातात.

लोहमार्गाने चर्मव्यवहाराचे केंद्र हलवले. कच्चे कातडे गावात कमावण्याऐवजी मीठ लावून किंवा वाळवून मुंबईकडे पाठवणे किफायतशीर होऊ लागले. तेथे धारावीत सर आदमजी पीरभॉय यांच्यासारख्या उद्योजकांची चर्मालये उभी राहिली आणि लष्करी बूट व खोगिरे तेथून पुरवली जाऊ लागली. गावातील ढोरास लागणारे कातडे महाग झाले, तर चांभारास बाहेरून आलेले तयार चामडे विकत घ्यावे लागू लागले. ज्याने कमावले त्याचा आणि ज्याने शिवले त्याचा रोजचा संबंध तुटला. निकृष्ट तळवा परत करून जाब विचारण्याची सोय त्याबरोबर गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास देहूरोड येथे लष्करी भांडार वाढले आणि पूर्व मावळातील गावांना नगदी मजुरीची वाट मिळाली. स्वातंत्र्यानंतर पिंपरी-चिंचवडचे कारखाने आले. पिंपरीच्या हिंदुस्तान अ‍ॅंटिबायोटिक्सची स्थापना 1954 ची. 1948 च्या कारखाने कायद्याने कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली होती. या घडामोडींतून बंद बूट हा मावळातील सामान्य माणसाच्या पायात आला. अनवाणी पिढीच्या पुढच्याच पिढीने पोलादी टोपीचे बूट घातले.

नकार

मधल्या काळात गावगाड्यातील साखळीचा पहिला दुवाच निखळला होता. मार्च 1927 मधील महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. या नकारामुळे गावोगाव बहिष्कार व मारहाणीचे प्रसंग ओढवले, तरी तो मागे घेतला गेला नाही. कातड्याच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल, हा आक्षेप तेव्हा घेतला जाई. तो हिशेबाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. पण हिशेब मांडणारे ते काम स्वतः करण्यास तयार नव्हते. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. शिरगावापासून ते ठिकाण फार दूर नाही. 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने संपुष्टात आली आणि व्यवस्थेचा कायदेशीर पायाही उरला नाही.

याच्या समांतर दुसरा एक प्रयत्न वर्ध्याजवळ नालवाडी येथे चालू होता. गांधीजींच्या प्रेरणेने गोपाळराव वाळुंजकर यांनी तेथे चर्मालय चालवले. नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचे कातडे वेळेवर व स्वच्छपणे सोलून त्याचे उत्तम चामडे करता येते, हे तेथे दाखवण्यात आले. तांत्रिकदृष्ट्या हा प्रयोग मोलाचा होता. परंतु काम सुधारले की त्याला चिकटलेला कलंक आपोआप जाईल ही त्यामागील अपेक्षा महाराष्ट्रात फलद्रूप झाली नाही. महाडचा नकार कामाच्या सक्तीला होता, आणि त्या मुद्द्याला नालवाडीपाशी उत्तर नव्हते.

गटई

मोट पंपाने हटवली, वादीची जागा नायलॉनने घेतली. पायतणात टायरची चप्पल आली. ती कुजत नाही, बुरसत नाही आणि मावळच्या चिखलास डरत नाही. पावसाळ्यापुरता विचार केला तर रबराने चामड्याचा निर्विवाद पराभव केला. 1974 मध्ये स्थापन झालेले संत रोहिदास यांच्या नावाचे राज्य चर्मोद्योग महामंडळ कारागिरांना कर्ज व प्रशिक्षण देत आले आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेस महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. पुणे जिल्हा त्यात नाही. 2015 पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी असल्याने चामड्याचा मोठा भाग राज्याबाहेरून येतो.

कारखान्यातील आजच्या बुटाचे दुखणे निराळे आहे. त्याचे वरचे चामडे क्रोमचे असल्याने ते मावळचा पाऊस बऱ्यापैकी सोसते. तळवा मात्र बहुधा पॉलियुरेथेनचा आणि डिंकाने किंवा साच्यात थेट चिकटवलेला असतो. हवेतील ओलाव्याने या पदार्थाच्या साखळ्या हळूहळू तुटतात. परिणामी न वापरता दोन-तीन पावसाळे कपाटात ठेवलेला बूट पायात घातल्यावर काही पावलांतच भुगा होऊन गळतो. तेल, सावली, धूर यांपैकी कोणताही उपाय येथे लागू पडत नाही. उलट तेल डिंकाचा जोड सैल करते. असा बूट शक्यतो नियमित वापरात ठेवणे आणि ओला झाल्यास आतील तळपट्टी काढून, कागद भरून, उष्णतेपासून दूर वाळवणे एवढेच करता येते. वरच्या चामड्याला मेणयुक्त लेप बेताने द्यावा, तोही शिवणीवर.

तरीही दुरुस्तीचे काम संपलेले नाही. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून गटई कामगारांना मिळालेले पत्र्याचे स्टॉल जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या गावांतही आढळतात. त्या स्टॉलमध्ये रापी आणि आरी अजून आहेत, सोबत नायलॉनचा दोरा आणि डिंकाची बाटली. निघालेला तळवा डिंकाने चिकटवल्यानंतर गटई कामगार कडेने दोऱ्याची एक शिवण घालतो. साच्यातल्या बुटाच्या रचनेत या शिवणीला जागाच ठेवलेली नसते, त्यामुळे ती आरीने नव्याने पाडावी लागते. ज्येष्ठ वद्यात देहूहून तुकोबांची पालखी निघते, तेव्हा पुण्यात अनेक गटई कामगार वारकऱ्यांची पायताणे विनामूल्य शिवून देतात. त्या दिवसांत पाऊस बहुधा सुरू झालेला असतो आणि शिवायला येणारी बहुतेक पायताणे चामड्याची नसतात.